‘टाकलं आणि नंतर लागलं तर?’

“घरात पाऊल टाकलं की छातीवर दडपण येतं. आवरायला बसते आणि तासाभराने सगळं होतं तसंच ठेवून उठते. मॅडम, मी आळशी आहे का हो?”

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांच्या वेगवेगळ्या तोंडून येतो. इथे सांगते ती पंचेचाळिशीतल्या एका बाईंची हकिकत आहे. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. नोकरी, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं पथ्यपाणी हे सगळं त्या एकहाती निभावत होत्या. आळशी माणसाला हे जमत नाही, त्यामुळे तो शब्द मी तिथेच मोडीत काढला.

पहिल्या भेटीत घराबद्दल मी फारसं बोललेच नाही. झोप कशी लागते, भूक लागते का, पूर्वी आवडायचं त्यात अजून मन रमतं का, हे विचारलं. पुष्कळदा उदासी आधी येते आणि पसारा मागून. नैराश्यात साधी पांघरुणाची घडी घालणंही जड जातं, आणि अशा माणसाला “घर आवर म्हणजे बरं वाटेल” असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. दुसरी शक्यता साठवणुकीच्या विकाराची. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या २०१३ सालच्या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला. पलंगावर झोपायला जागा नाही, शेगडीपर्यंत पोचता येत नाही आणि रद्दी काढायच्या नुसत्या विचाराने जिवाची घालमेल होते, असं असेल तर आवराआवरीच्या युक्त्या पुरत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. या बाईंचं दोन्हींपैकी काहीच नव्हतं. झोप चाळवलेली होती, चिडचिड वाढली होती, आणि जेवणाचं टेबल सामानाखाली इतकं गाडलं गेलं होतं की घरातले ताटं मांडीवर घेऊन जेवत होते.

“पुढच्या वेळी टेबलावरचं जे हाताला लागेल ते एका पिशवीत भरून आणा,” मी म्हटलं.

पिशवीतून तीन चार्जर निघाले, हल्लीच्या फोनला एकही न बसणारे. किल्ल्यांचा एक जुडगा. न फोडलेलं विम्याचं पाकीट. सुयांवरच राहिलेला, अर्धा विणलेला लहान मुलाचा स्वेटर. आणि रबरबँड लावलेली, कोपरे दुमडलेली एक जाड फाइल. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि मनात काय येतं ते सांगायचं, एवढंच काम मी त्यांना दिलं. चार्जर टाकणं जिवावर येत होतं. किल्ल्या कुठल्या कुलपांच्या हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पाकीट उघडलं तर पुढे काहीतरी करावं लागेल, म्हणून ते उघडलंच नव्हतं. स्वेटर सुरू केला तेव्हा मुलगा पहिलीत होता. आता तो कॉलेजात आहे. “हा स्वेटर मला रोज टोमणा मारतो,” त्या म्हणाल्या.

हे ऐकून मला सॅक्सबी आणि रेपेटी या संशोधक बाईंचा २०१० सालचा अभ्यास आठवला. लॉस एंजलिसमधल्या नोकरदार जोडप्यांनी आपापलं घर फिरून दाखवत त्याचं वर्णन केलं आणि त्यांचे शब्द तपासले गेले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसाऱ्याचे आणि अर्धवट राहिलेल्या कामांचे उल्लेख जास्त होते, त्यांच्यात कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक दिवसभरात जितकं उतरायला हवं तितकं उतरत नव्हतं आणि दिवस सरेल तशी खिन्नताही वाढत होती. अभ्यास ६० जणांचा, म्हणजे लहानच. पसाऱ्यामुळेच हे झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. मला त्यातला ‘अर्धवट’ हा भाग महत्त्वाचा वाटतो. या बाईंच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू काहीतरी करायचं राहिलंय याची आठवण करून देत होती. दिवसभर अशा नजरांखाली वावरणारा माणूस थकणारच.

म्हणून मी ‘घर आवरा’ असं सांगितलंच नाही. रोज पंधरा मिनिटं, फक्त टेबल, आणि उचललेल्या प्रत्येक वस्तूचा निकाल तिथल्या तिथे. “बघू नंतर” या गठ्ठ्याला बंदी.

दोनच दिवसांत फोन आला. “टाकलं आणि नंतर लागलं तर?”

ही भीती खोटी नसते, पण तिचा आकार फुगलेला असतो. कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये कॉफीच्या साध्या मगांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांच्या हातात मग नुकताच दिला होता ते तो विकायला जी किंमत मागत होते, तिच्या साधारण निम्मीच द्यायला ज्यांना तो मिळाला नव्हता ते तयार होते. नुसतं ‘आपलं’ झालं की वस्तू वजनदार होते. म्हणून मी त्यांना प्रश्न फिरवायला सांगितला: हे आज तुमच्याकडे नसतं, तर मिळवायला धडपड केली असती का? चार्जर एका झटक्यात सुटले. ज्यांचा निकाल लागेना ते खोक्यात घालून, चिकटपट्टी लावून, वर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहायची. त्यातलं काय लागेल याचा अंदाज आधीच कागदावर मांडायचा. खोकं मध्ये एकदाच उघडलं गेलं, एका किल्लीसाठी, आणि ती किल्ली अंदाजाच्या यादीत नव्हतीच. यावर आम्ही दोघी मनसोक्त हसलो.

यजमानांना मात्र वेगळं बोलवावं लागलं. बायको गावाला गेलेली असताना त्यांनी एकदा दोन पोती सामान परस्पर काढून टाकलं होतं. हेतू चांगला होता; परिणाम असा की त्यानंतर बाई कागदाचा कपटाही सोडेनात. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकू नये, मग ती कितीही निरुपयोगी दिसो. हा नियम मुलांच्या कप्प्यांनाही लागू आहे.

ती जाड फाइल वडिलांची होती. शेवटच्या वर्षभरातले रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शनं, आणि मागच्या कोऱ्या पानांवर बाईंनीच लिहिलेल्या औषधांच्या वेळा. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मी टाका म्हटलं नाही आणि ठेवाही म्हटलं नाही. त्यांनी माझ्यासमोर पानं उलटली. एका वेळेपुढे बरोबरची खूण नव्हती, तिथे त्या अडल्या. “हा डोस चुकला होता माझ्याकडून.” चार वर्षं ही राहिलेली खूण टेबलावर होती. त्या दिवशी बाकी काही बोलणं झालं नाही. पुढे त्यांनी वडिलांच्या सहीचा एक कागद आणि वेळांचं एक पान ठेवलं, बाकीचं स्वतःच्या हाताने फाडलं.

टेबलावर आता जेवण होतं. झोप सुधारली आहे, चिडचिड कमी आहे असं मुलगा सांगतो. माळा जसाच्या तसा आहे आणि त्यांना त्याची घाई नाही. आमच्या भेटी चालू आहेत, पण घराचा विषय निघत नाही. वडिलांच्या आजारपणात भावाने किती केलं आणि किती अंगाबाहेर टाकलं, यावर सध्या बोलणं चाललंय.