सुरू, सायकस आणि उघडं बी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: द्राक्षबागेच्या बांधावर वाऱ्याला आडोसा म्हणून सुरू लावलाय. सुया पाइनसारख्या, बोंडंही तशीच. तरी मुलाला कॉलेजात सांगितलं की सुरू अनावृतबीजी, म्हणजे उघड्या बीची वनस्पती, नाही. असं कसं?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर: कॉलेजात बरोबर सांगितलं. बांधावरचा सुरू म्हणजे कॅज्युरिना, आणि तो सपुष्प वनस्पतींतला. (उर्दू शायरीतला सरो वेगळा. तो सायप्रस, आणि तो मात्र खरा अनावृतबीजी.)

एक हिरवी सुई हलकेच ओढा. ती सांध्यावर निखळते. सांध्याभोवती भिंगातून सहा-आठ बारीक दातांचं कडं दिसेल. ते दात म्हणजे पानं. सुई म्हणजे डहाळी. आता पिकलेलं बोंड घ्या. चोचीसारखी तोंडं उघडून पंखवाले दाणे पडतात. दाणा बी वाटतो, पण ते अख्खं फळ आहे. फळाची भिंत आतल्या बीला घट्ट लपेटून असते.

शेजारी उत्तराखंडहून आणलेला चीडचा, म्हणजे तिथल्या पाइनचा, वाळका शंकू ठेवा. एक खवला मोडून वरची बाजू पाहा: दोन बिया नुसत्या टेकलेल्या असतात, नाहीतर त्यांचे ठसे तरी उरलेले असतात. इथे बहुतेकांची फसगत होते, कारण हाच शंकू पाण्यात ठेवला की खवले मिटतात आणि बी झाकलेलं दिसतं. उघडं-झाकलेलं ठरतं ते परागणाच्या वेळी. चीडमध्ये परागकण थेट बीजांडाच्या (ज्याचं पुढे बी होतं त्याच्या) तोंडाशी पोहोचतो. सुरूमध्ये तो आधी कुक्षीवर, म्हणजे मादी फुलाच्या टोकावर, पडतो आणि तिथून परागनलिका अंडाशयात उतरते. पानाच्या आकारावर किंवा शंकूसारख्या रूपावर वर्गीकरण करू नये ते यासाठीच. उलट उदाहरण सह्याद्रीतल्या उंबळीचं, म्हणजे नेटमच्या वेलीचं. पान रुंद, शिरांची जाळी आंब्याच्या पानासारखी, पण बी उघडं.

प्रश्न: बीएस्सीच्या एका पुस्तकात अनावृतबीजींचे तीन वर्ग आहेत, दुसऱ्यात चार गट. परीक्षेत काय लिहावं?
– एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर: परीक्षेत अभ्यासक्रमातलं पुस्तक म्हणेल ते. बाकी भांडण मुख्यतः गिंको या एका झाडाचं आहे. लाकूड आणि फांद्यांची ठेवण पाहून जुन्या मांडणीत त्याला शंकुधारींच्या (पाइन, सायप्रस वगैरेंच्या) वर्गात बसवलं: सायकस, शंकुधारी, नेटम असे तीन वर्ग. पण गिंकोचे शुक्रपेशी पोहतात. 1896 मध्ये जपानमध्ये हिरासे यांनी ते गिंकोत आणि त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसमध्ये पाहिले. शंकुधारींमध्ये पोहणारे शुक्रपेशी नाहीतच. म्हणून गिंको वेगळा काढला की गट होतात चार. 2011 च्या मांडणीत हेच चार उपवर्ग आहेत, त्यांत 12 कुळं आणि 83 प्रजाती (जीनस).

नेटमचा गट अजून डोकेदुखी आहे. लाकडात सपुष्प वनस्पतींसारख्या वाहिन्या असल्यामुळे तो सपुष्प वनस्पतींचा भाऊबंद मानला जाई. डीएनएच्या बऱ्याच अभ्यासांनी मात्र त्याला शंकुधारींच्या, त्यातही पाइनच्या जवळ नेलंय. बेंथम आणि हुकर या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर अख्खे अनावृतबीजी द्विदल आणि एकदल यांच्या मध्ये घातले होते. आज ते कुणी मानत नाही, पण प्रश्नपत्रिकेत हमखास येतं.

प्रश्न: बंगल्यातल्या सायकसला नारिंगी बिया धरल्या. पेरल्या, पण एकही उगवली नाही.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: तुमचं झाड मादी. आसपास नर नसेल तर परागण होत नाही, तरीही बिया फुगतात आणि रंगही घेतात. नराला मधोमध उभा, लांबट शंकू येतो. त्याची पिवळी भुकटी मिळाली तर मादीची बी धरणारी लवदार पानं सैल होताच त्यांच्यात झटकावी.

पेरायच्या बिया दोन-तीन दिवस भिजवून, हातमोजे घालून गर काढा आणि पाण्यात सोडा. तरंगतात त्या पोकळ. बुडालेल्याही लगेच रुजत नाहीत, कारण बी गळल्यावरही गर्भ वाढत असतो. काही महिने थांबून जाड वाळूत आडव्या, अर्ध्या पुरा. घाई असेल तर बुंध्याची पिल्लं काढा, पानं छाटा, जखम आठवडाभर सावलीत वाळवा आणि वाळूत लावा. काळ्या मातीत लावलीत तर पावसाळ्यात कुजतील.

बी आणि पान दोन्ही विषारी. कुत्र्याने चघळलं तर उलट्यांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.