थायरॉइडची गोळी : डोस कधी बदलायचा, कधी नाही

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी माझी थायरॉक्सिनची गोळी ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम केली. थकवा कमी झाला नाही म्हणून मी स्वतःच रक्त तपासलं. टीएसएच ७.८ आलं. डोस आणखी वाढवून घेऊ का?

एवढ्यात नको. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉक्सिन कमी पडलं की ते चढतं. पण ही चाचणी लवकर झाली आहे. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश उतरतं. निम्मं उतरायलाच सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे नव्या डोसची पातळी स्थिर व्हायला ५ ते ६ आठवडे जातात आणि टीएसएच बनवणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी त्यानंतर ते जुळवून घेते. ७.८ हा वाटेतला आकडा आहे. आज डोस वाढवला तर दोन महिन्यांनी टीएसएच खाली घसरेल, मग गोळी कमी होईल, आणि हे वर-खाली महिनोन्‌महिने चालू राहील. डोस बदलल्याची तारीख लिहून ठेवा आणि ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. तेव्हाही गरज लागली तर बदल साधारण १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमचाच असतो. थकवा आकड्याच्या मागून ओसरतो, केस आणि त्वचा सुधारायला तर काही महिने लागतात. मात्र छातीत धडधड, दुखणं किंवा धाप सुरू झाली तर सहा आठवडे थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : डोस दोन वर्षं तोच आहे, पण टीएसएच कधी २ तर कधी ९. गोळी रोज घेतो. असं का होतं?

बहुतेक वेळा डोस बरोबर असतो, पण गोळी पूर्ण शोषली जात नाही. आधी तुमची सकाळ तपासा. गोळी रिकाम्या पोटी, फक्त पाण्याबरोबर घ्यायची आणि खाणं, कॉफी किंवा दूध अर्ध्या ते एक तासानंतर. लोह आणि कॅल्शियम पोटातच थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, म्हणून त्या गोळ्यांमध्ये ४ तासांचं अंतर हवं. मल्टिव्हिटॅमिनमध्येही हे दोन्ही असतात, हे लक्षात येत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज सुरू झाल्या असतील तरी शोषण घटतं. सकाळी जमतच नसेल तर शेवटच्या जेवणानंतर ३ तासांनी, झोपताना घ्या. वेळ कोणतीही निवडा, पण रोज तीच ठेवा.

दुसरं कारण विसरलेल्या गोळ्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस गोळी चुकते आणि चाचणीच्या आधीचे काही दिवस मात्र नेमाने घेतली जाते. मग फ्री टी-४ (रक्तात मोकळं असलेलं थायरॉक्सिन) चांगलं दिसतं आणि टीएसएच चढलेलं राहतं, कारण टीएसएच मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतं. अशा वेळी डॉक्टरांना खरं सांगा. न सांगता डोस वाढला आणि पुढे गोळ्या नियमित झाल्या, तर औषध जास्त होतं.

तिसरं म्हणजे चाचणीच. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी असतं. म्हणून दर वेळी तीच लॅब आणि तीच वेळ ठेवा. गोळीनंतर काही तास फ्री टी-४ चढलेलं असतं, त्यामुळे त्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान २ दिवस आधी थांबवा. काही चाचणीपद्धतींत ते टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवतं. गोळीची कंपनी बदलली असेल तर तेही सांगा. हे सगळं नीट असूनही चढउतार राहिला तर सीलिॲकसारखे (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो) आतड्याचे विकार तपासावे लागतात.

आणखी एक, टी-४ जरा घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतं. टीएसएच दुप्पट झालं म्हणजे आजार दुप्पट झाला, असं नाही.

प्रश्न : टीएसएच २.१ आहे, तरी मरगळ आहे आणि वजनही उतरत नाही. डोस थोडा वाढवला तर?

वाढवू नका. मरगळ खरी आहे, तिचं कारण दुसरीकडे शोधा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, साखर, घोरणं आणि अपुरी झोप, नैराश्य, रजोनिवृत्ती. थायरॉइड कमी झाल्याने चढणारं वजन सहसा थोडंच असतं आणि त्यात पाणी-क्षाराचा वाटा मोठा असतो; टीएसएच जाग्यावर आल्यावर गोळी वाढवून चरबी उतरवता येत नाही. टीएसएच ०.१ च्या खाली राहिलं तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, विशेषतः साठीनंतर.

याला अपवाद आहेत. थायरॉइडच्या कर्करोगानंतर काहींचं टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात. पिट्युटरीच्या आजारात तर टीएसएचवर विसंबताच येत नाही, तिथे डोस फ्री टी-४ पाहून ठरतो.

प्रश्न : मी आधीपासून गोळी घेते. आता गरोदर असल्याचं कळलं. डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. तोवर थांबू का?

थांबू नका, आजच फोन करा. पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं आणि गरज लगेच वाढते. साधारण २५ ते ३० टक्के वाढ लागते. त्यासाठी अनेक डॉक्टर आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या सांगतात. तुमच्यासाठी काय, ते फोनवरच ठरवून घ्या आणि टीएसएच तपासा. लक्ष्य साधारण २.५ च्या खाली. निम्मे दिवस भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी चाचणी, मग ३० व्या आठवड्याच्या सुमारास एकदा. लोह-कॅल्शियम सुरू होईल तेव्हा ४ तासांचं अंतर पाळा. बाळंतपणानंतर बहुतेकींचा डोस पूर्वीइतका करतात आणि ६ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहतात.