रिटायर झालेल्या मित्राकडे मुक्काम, सोबत लॅब्राडोर

प्रश्न : माझा ऑफिसमधला जुना मित्र रिटायर होऊन दुसऱ्या गावी राहायला गेलाय. आम्ही दोघं नवरा-बायको कारने लांबच्या ट्रिपला निघतोय, वाटेत त्याच्याकडे दोन रात्री थांबायचं ठरलंय. आमचा ४ वर्षांचा लॅब्राडोर सोबत असणार कारण त्याला मागे ठेवायला कुणी नाही. मित्र म्हणाला, "अरे बिनधास्त घेऊन ये." पण वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आमचा कुत्रा माणूस दिसला की उड्याच मारतो. न्यावं का?

उत्तर : न्या, पण निघायच्या आधी अजून एक फोन करा आणि या वेळी वहिनींशी बोला. मित्र तुमच्या प्रेमापोटी हो म्हणाला, पण काठी घेऊन घरभर वावरायचंय ते वहिनींना. आणि "चालेल ना?" असं विचारू नका, त्यावर कुणीही चालेलच म्हणतं. त्यापेक्षा नेमकं विचारा, की रात्री तो कुठल्या खोलीत असला तर तुम्हाला बरं पडेल, स्वयंपाकघरात आलेला चालत नाही का, घरात कुणाला भीती किंवा अ‍ॅलर्जी आहे का, कुणाला रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण वय झालं की कातडी पातळ होते आणि त्यात ही गोळी चालू असेल तर नुसतं नख लागलं तरी रक्त लवकर थांबत नाही.

उड्यांचं बघू. लॅब्राडोर साधारण २५ ते ३५ किलोचा गडी, तो लाडाने अंगावर आला तरी नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस पडणार. म्हणून पोचल्या पोचल्या दार उघडून त्याला आत सोडायचं नाही. घराच्या थोडं अलीकडे गाडी थांबवा, त्याला चांगला अर्धा तास चालवा, शी-शू होऊ दे, हुंगायचं तेवढं हुंगू दे, कारण गाडीत तासन् तास बसून आलेला कुत्रा म्हणजे नुसता उत्साह साठलेला असतो. मग आधी मित्राला बाहेर बोलवा, सगळे मिळून थोडं चाला आणि मग आत जा. वहिनी तोवर खुर्चीत बसलेल्या असू देत. पट्टा तुमच्या हातात, आखूड. सगळ्यांना सांगून ठेवा की त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, चारही पाय जमिनीवर टेकले की मगच हात लावायचा. हे तिथे जाऊन पहिल्यांदा नका करू हं, आजपासून घरी येणाऱ्या प्रत्येकासोबत सराव करा. रात्री तो दारात किंवा बाथरूमच्या वाटेवर आडवा पसरणार नाही हे बघा, अंधारात अडखळून पडणं त्याच्या उड्यांइतकंच वाईट. त्याचं नेहमीचं अंथरूण सोबत न्या म्हणजे नव्या घरात तो एका जागी टिकतो.

आता एक गोष्ट जी कुणाच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे गोळ्या. ज्येष्ठ माणसांच्या घरात उशाशी, टेबलावर, फ्रिजवर औषधं असतात, ते आठवड्याच्या कप्प्यांचे प्लास्टिकचे डबे तर लॅब्राडोर खेळणं समजून चावून फोडतो. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, हे सगळं कुत्र्याच्या जिवावर उठू शकतं. मित्राला स्पष्ट सांगून पहिल्याच दिवशी सगळं कपाटात ठेवायला लावा, उंदराचं औषध कुठे टाकलंय का तेही विचारा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा कुणी प्रेमाने भरवणार नाही याकडेही लक्ष असू दे. चुकून काही खाल्लंच तर वेष्टन घेऊन लगेच व्हेटकडे, लक्षणं दिसायची वाट बघू नका. तिथल्या जवळच्या व्हेटचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. मागच्या सीटवर हार्नेस लावून बसवा, दर दोन-तीन तासांनी थांबा, लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा आणि गाडीत त्याला एकटं कधीच सोडू नका. बाहेर २४ अंश असलं तरी बंद गाडीत अर्ध्या तासात चाळिशी पार होते, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही.

आणि मित्र? मला तर हाच प्रश्न मोठा वाटतो. तो किती दिवसांचं बोलायचं साठवून बसला असेल आणि तुमचं अर्धं लक्ष कुत्र्याने काय तोंडात घातलं याकडे, असं होऊ देऊ नका. तुम्ही दोघं आहात ना, मग पाळी लावा, एकाने कुत्र्याला बाहेर न्यायचं, दुसऱ्याने नुसतं बसायचं आणि ऐकायचं. संध्याकाळी मात्र मित्राला फिरायला सोबत घ्या. रिटायरमेंटनंतर कसं चाललंय हे समोरासमोर बसून विचारलं की माणूस "मजेत" म्हणून मोकळा होतो, बाजूबाजूने चालताना खरं काय ते हळूहळू बाहेर येतं. त्याची दुपारची झोप, वाचन, जे काही ठरलेलं असेल ते मोडू नका, रिटायर झाला म्हणजे दिवसभर रिकामाच आहे असं धरून चालू नये. कुत्रा चालेल असं एखादं लॉज जवळपास हेरून ठेवा, आणि वहिनींना त्रास होतोय असं दिसलं तर रात्री तिकडे झोपायला जा, दिवसा भेटा.

प्रश्न : आमच्या पिल्लाला गाडीत उलटी होते. माणसांची गोळी दिली तर चालेल का?

उत्तर : नाही, व्हेटला विचारल्याशिवाय कुठलीच गोळी नको. कुत्र्यांसाठी उलटीचं वेगळं औषध मिळतं, डोस वजनावर ठरतो. पिल्लांचा आतला कान पूर्ण तयार झालेला नसतो म्हणून त्यांना गाडी जास्त लागते, बऱ्याच जणांचं मोठेपणी आपोआप कमी होतं. तोवर निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी चालू, आणि सुरुवातीला अगदी छोट्या फेऱ्या मारा.