टिळक सुटले तेव्हा नातू बंधू आतच होते

तुम्ही विचारलंय, ‘टिळकांवरसुद्धा इंग्रजांनी रीतसर खटला चालवला. मग विनाचौकशी डांबून ठेवत, असं का म्हणतात?’

कारण टिळकांना पकडलं त्याच सुमारास पुण्यातल्या दोन माणसांना विनाचौकशी उचललं होतं. मी पुण्याचा आहे, आणि त्यांची नावं आज इथेही फारशी कुणाच्या ओठांवर नसतात याचं मला वाईट वाटतं.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि सरदार नातू बंधूंना, म्हणजे बाळासाहेब आणि तात्यासाहेबांनाही, नेलं. प्लेगच्या घरझडत्यांत सोल्जर कसे वागतात याच्या तक्रारी नातूंनी अधिकाऱ्यांकडे केल्या होत्या. पण त्यांच्यावर आरोपपत्र आलं नाही, साक्षीपुरावा झाला नाही. त्यांना डांबायला १८२७ चं मुंबई इलाख्याचं २५ वं रेग्युलेशन, म्हणजे एक जुना कायदा, पुरलं. ‘राज्याच्या सुरक्षिततेसाठी’ एवढंच म्हणायचं, आणि माणूस आत. त्यांची मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली.

इकडे टिळकांचा खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा गोरे त्यांच्या विरुद्ध गेले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष म्हटलं. निकाल अन्यायाचाच, पण काय म्हणून पकडलं ते त्यांना कळलं होतं, उत्तर देता आलं होतं आणि शिक्षेला मुदत होती, दीड वर्ष. सप्टेंबर १८९८ मध्ये ते मुदतीआधी सुटलेही. एव्हाना रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंपैकी दामोदर फासावर गेले होते. नातू मात्र १८९९ पर्यंत बंदिवासात राहिले. गुन्हा शाबीत झालेला माणूस बाहेर आणि ज्यांच्यावर आरोपच नाही ते आत! मला या सगळ्यात हेच सर्वांत भयंकर वाटतं.

१८९७ च्या अमरावती काँग्रेसने याचा निषेध केला आणि असली जुनी रेग्युलेशनं रद्द करा म्हणून ठराव केला. सरकारने ती ठेवलीच. बंगालच्या १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना पंजाबातून थेट ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेलं. मंडालेमुळेच बहुधा तुमचा घोटाळा झाला असावा, कारण पुढच्याच वर्षी टिळकही तिथे गेले, पण खटला होऊन. १८१८ च्या त्या रेग्युलेशनमध्ये कैद्याला अर्ज करायची मुभा होती. तो गव्हर्नर जनरलकडे पाठवायचा, असंही त्यात लिहिलेलं होतं. आरोप काय ते कैद्याला सांगायचं बंधन मात्र नव्हतं.