वस्तीत नव्याने काम करणाऱ्यास
मानखुर्दच्या वस्तीत शाळाबाह्य मुलांसाठी आपण काम सुरू करीत आहात, तर पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवण्यात फार वेळ घालवू नका. ते त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असते. अडते ते बहुधा कागदपत्रांपाशी. जन्मदाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवले, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ नम्रपणे दाखवावे, कारण वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि कलम ४ नुसार सहा वर्षांवरील मुलाला वयानुरूप वर्गातच घ्यावे लागते. (कायद्याची प्रत पिशवीत ठेवावी, माझी केव्हाच चुरगळली आहे.) मुलगी धाकट्या भावंडामुळे घरी राहत असेल, तर तिच्या शाळेआधी त्या भावंडासाठी जवळची अंगणवाडी शोधावी.