मैफल, अधिवेशन आणि हिशेब : वाचकांचे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की बेळगावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. हलग्याच्या सुवर्ण विधान सौधात कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची तयारी आणि कॉलेजच्या पोरापोरींची मदतनिधीच्या कार्यक्रमांसाठी धावपळ. या वेळची बहुतेक पत्रे या दोन विषयांवरची आहेत.

प्रश्न : २००५ साली स्कॉटलंडमध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाची परिषद झाली, तेव्हा शेजारीच ‘लाइव्ह ८’ चे कार्यक्रम झाले. त्यात म्हणे लोकांकडून पैसे मागितलेच नाहीत. मग त्याला मदतीचा कार्यक्रम का म्हणायचे? आमच्या गटात यावरून वाद झाला. – एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

तुमचा वाद योग्य जागी सुरू झाला आहे. १३ जुलै १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ने इथिओपियाच्या दुष्काळासाठी पैसा गोळा केला. ‘लाइव्ह ८’ ने तो मार्ग मुद्दाम सोडला. २ जुलै २००५ रोजी लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, टोकियो, जोहान्सबर्ग अशा अनेक शहरांत एकाच दिवशी गाणी झाली. मागणी होती गरीब देशांवरचे कर्ज माफ करा आणि मदत वाढवा, अशी. लंडनला जागा विकत मिळत नव्हती, मोबाइलवरून संदेश पाठवून सोडतीत नाव काढावे लागे. त्याच दिवशी एडिंबरात दोन लाखांवर लोक पांढरे कपडे घालून, मनगटात पांढरी पट्टी बांधून मोर्चात चालले. ६ तारखेला परिषद ग्लेनईगल्सला सुरू झाली. तिथून तासाभराच्या रस्त्यावरच्या एडिंबराच्या मरेफील्ड मैदानात त्याच संध्याकाळी शेवटचा कार्यक्रम झाला.

म्हणजे तिथल्या तरुणांना एका आठवड्यात तीन वेगळे अनुभव आले : मोर्चा, मैफल, आणि परिषदेच्या हॉटेलाभोवतीचे पोलादी कुंपण. ७ जुलैला लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि बातम्यांचा रोख तिकडे वळला. तरीही ८ तारखेला आश्वासन जाहीर झाले : २०१० पर्यंत वर्षाची मदत ५० अब्ज डॉलरने वाढवू, त्यातली निम्मी वाढ आफ्रिकेला. शिवाय १८ देशांचे जागतिक बँक, नाणेनिधी आणि आफ्रिकन विकास बँकेचे कर्ज माफ. कर्जमाफी बऱ्याच अंशी झाली. मदतीतली वाढ मात्र अपुरी पडली आणि आफ्रिकेच्या वाट्याला कबूल रकमेच्या निम्म्याहूनही कमी आले.

तेव्हा गटात आधी हे ठरवा : तुम्हाला रक्कम हवी आहे की निर्णय? रक्कम हवी असेल तर तिकीट, पावती, बँक. निर्णय हवा असेल तर कार्यक्रम फुकट ठेवा, सह्या घ्या, आणि दिलेल्या शब्दाची तारीख लिहून ठेवून त्या तारखेला पुन्हा दारात जा. दोन्ही एकाच संध्याकाळी करायला गेलात की श्रोता गोंधळतो. तिकीट काढलेल्या माणसाला वाटते आपले काम झाले, आणि तो सही करत नाही.

प्रश्न : आम्ही बारा जण आहोत. सरकारी मराठी शाळेच्या वाचनालयासाठी ३०० खुर्च्यांच्या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम ठरवतोय. तिकीट १५० रुपये. कुठून सुरुवात करू? – निपाणी

वहीतून. समजावण्यापुरते आकडे घेऊ. सगळी तिकिटे खपली तर ४५,००० रुपये. पण पहिल्याच कार्यक्रमाला सगळी खपतील हे धरून चालू नका. सत्तर टक्के धरा : २१० तिकिटे, ३१,५०० रुपये. आता खर्च. सभागृह ८,०००, ध्वनी आणि दिवे १२,०००, जनरेटर ४,०००, साथीदारांचे मानधन आणि प्रवास ६,०००, छपाई, परवाने, पाणी ३,०००. बेरीज ३३,०००. म्हणजे सभागृह बऱ्यापैकी भरूनही शाळेच्या हाती काही नाही, उलट तुमच्या खिशातून १,५०० गेले. मदतीचे बरेच कार्यक्रम या गणितात बुडतात, आणि ते बुडाले हे कुणी सांगत नाही.

यावर उपाय एकच : तिकिटे छापण्याआधी खर्च दुसऱ्या वाटेने भागवा. आठ पानांची साधी स्मरणिका काढा आणि किराणा, कापड, पुस्तके अशा बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या जाहिराती घ्या. जनरेटरवाल्याला, छापखान्याला ‘पैसे नकोत, काम द्या’ असे सांगा आणि त्याचे नाव फलकावर लावा. ३३,००० पैकी निदान २५,००० असे जमले नाहीत तर तारीख पुढे ढकला. जमले, तर तिकिटांतून ८,००० गेले तरी शाळेला २३,५०० उरतात.

परवान्यांसाठी तीन आठवडे हाताशी ठेवा. ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरातला शांतता विभागही तपासा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. अधिवेशनाच्या दिवसांत पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि अर्ज तुंबतो. त्याच दिवसांत बेळगावातल्या लॉजच्या खोल्याही भरलेल्या असतात. कोल्हापूरहून कलाकार आणणार असाल तर राहण्याची सोय आधी करा आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तपासणीत वेळ जाऊ शकतो हे धरून निघण्याची वेळ ठरवा. जमत असेल तर तो पंधरवडा टाळलेलाच बरा.

गाण्यांच्या हक्कांकडे कुणी बघत नाही, पण बघायला हवे. हौशी मंडळाने पैसे न घेता, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सूट आहे. शाळेसाठी तिकीट लावून केलेला कार्यक्रम त्यात बसत नाही. चित्रपटगीते, भावगीते गायची तर हक्कसंस्थेचा परवाना काढा. कवी आणि संगीतकार दोघांच्याही निधनाला ६० वर्षे उलटली असतील तर ती रचना मोकळी. म्हणून तुकोबांचे अभंग, पुरंदरदासांची पदे, किंवा याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांची (निधन १८८५) नाट्यपदे निर्धास्त गा. फक्त एक खाच : शब्द तुकोबांचे असले तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल, तर चालीवर हक्क आहे. पारंपरिक चालीत गा, किंवा स्वतः बांधा. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतली पदे ठेवलीत तर सीमाभागातल्या श्रोत्याला ती आपलीच वाटतात, आणि तिकिटेही जास्त खपतात.

प्रश्न : तिकिटांचे पैसे आमच्या एका मित्राच्या मोबाइलवर क्यूआर कोडने घेतले तर चालेल का? नंतर एकदम देऊन टाकू. – चिकोडी

नको. मित्र प्रामाणिक असला तरी नको. पैसे त्याच्या खात्यात त्याच्याच नावावर दिसतात, आणि कुणी शंका काढली तर ती दूर करायला त्याच्यापाशी काही नसते.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफकडे गेले. पण नंतरच्या ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा मोठा पैसा करखात्यात वर्षानुवर्षे अडकला. कारण कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून कागदपत्रे केलेली नव्हती. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत झाली.

आधी शाळेच्या सुधारणा समितीचे किंवा नोंदणीकृत न्यासाचे संमतिपत्र घ्या. क्यूआर त्यांच्याच खात्याचा असू द्या. तिकिटांना अनुक्रमांक आणि स्थळप्रत हवी. कोणत्या सभासदाला कोणते क्रमांक दिले ते लिहा, आणि कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी न खपलेली तिकिटे मोजून परत घ्या. खपलेली अधिक उरलेली मिळून छापलेल्या संख्येइतकी भरली पाहिजेत. रोख रक्कम दोघांनी मोजायची, दोघांच्या सह्या. आठवड्याच्या आत जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लावा. तिकीट म्हणजे देणगी नव्हे. त्यावर आयकराची सवलत मिळते असे कुणाला सांगू नका.

प्रश्न : गेल्या वर्षी आमच्या कार्यक्रमात माइक सतत शिट्टी मारत होता आणि दिवे लावले की घरघर येई. गायक रागावून उठला. यंदा काय करू? – अथणी

दोन वेगळी दुखणी आहेत. शिट्टी येते ती स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये शिरला की. मोठे स्पीकर माइकच्या रांगेच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला ठेवा. गायकापुढचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा छोटा स्पीकर, माइकच्या पाठीकडून गायकाच्या तोंडाकडे वळलेला असावा, कारण नेहमीचा गायनाचा माइक पाठीकडून कमी ऐकतो. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी हमखास. आवाज कमी येतोय म्हणून मॉनिटर वाढवत नेऊ नका, माइक तोंडाजवळ आणा.

घरघर बहुधा विजेची असते. दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रे) आणि ध्वनीची यंत्रे एकाच फेजवर असली की दिव्यांची पातळी बदलताच ती ऐकू येते. दिव्यांना वेगळा फेज द्या. मिक्सर, अँप्लिफायर आणि रंगमंचावरचे कीबोर्ड यांना वीज एकाच ठिकाणाहून घ्या. दोन वेगवेगळ्या अर्थिंगमुळेही गुणगुण येते. त्यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कधीही करू नका. ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या गायकाच्या ओठाला धक्का बसतो तो असाच. कीबोर्डसाठी डीआय बॉक्स मागा, म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी.

साध्या मैफलीला आठ चॅनेल लागतात : गायक, सहगायक, पेटी, तबला, डग्गा, टाळ, तानपुरा, निवेदक. बारा चॅनेलचा मिक्सर घ्या, म्हणजे एखादी वाट बिघडली तर दुसरी असते. पेटीचा माइक भात्यापासून दूर, वरून वीतभर अंतरावर. तबल्याचा कडेवरून. १५ केव्हीएचा जनरेटर साधारण १२ किलोवॅट देतो, दिवे एलईडीचे असतील तर पुरतो. हेस्कॉमची वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईपर्यंत काही क्षण जातात आणि तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा उठतो. मिक्सरला छोटा यूपीएस लावा. आवाजाची तपासणी श्रोते येण्याच्या दोन तास आधी, आणि सगळे दिवे लावूनच.

प्रश्न : प्रवेशद्वारावर किती स्वयंसेवक ठेवायचे? – शहापूर

पन्नास श्रोत्यांमागे एक, आणि दारावर वेगळे दोन. पण संख्येपेक्षा घोषणा महत्त्वाची. ४ जून २०२५ रोजी बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर ११ जण चेंगरून गेले. मैदानाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले होते आणि प्रवेश कुणाला, कसा, याचा गोंधळ होता. म्हणून दारावर पास वाटायचे नाहीत. ‘थोड्या जागा शिल्लक’ असे ऐन वेळी मोबाइलवर फिरवायचे नाही. दार वेळेवर उघडायचे, पुढच्या रांगा आधी भरायच्या, जिन्यावर कुणाला बसू द्यायचे नाही, आणि सगळ्या दारांच्या कड्या कार्यक्रमभर उघड्या ठेवायच्या. बिनतिकिटाचे लोक आत येतील म्हणून मागचे दार कुलपात ठेवतात, त्याइतकी धोक्याची दुसरी गोष्ट नाही.

प्रश्न : अधिवेशन पाहता येते का? आणि आमच्या गावच्या बसबद्दल मराठीत निवेदन देता येते का? – खानापूर तालुक्यातील दोन मैत्रिणी

प्रेक्षक सज्जाचा पास आमदारांच्या शिफारशीने मिळतो. नावांची यादी आणि ओळखपत्राच्या प्रती काही दिवस आधी त्यांच्या कार्यालयात द्या. मोबाइल आत नेता येत नाही. टाळ्या, घोषणा, कागद उडवणे चालत नाही. प्रश्नोत्तराच्या तासाला बसा, सर्वांत जास्त तिथेच कळते. कामकाज कन्नडमध्ये चालते, पण घटनेच्या कलम २१० नुसार एखाद्या सदस्याला कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत पुरेसे बोलता येत नसेल, तर सभापती त्याला मातृभाषेत बोलू देऊ शकतात.

निवेदनाचे म्हणाल तर कलम ३५० प्रत्येकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. मराठीत लिहा, सोबत कन्नड अनुवाद जोडा. अनुवाद हक्कासाठी लागत नाही, पण कागद लवकर वाचला जातो. एका निवेदनात एकच मागणी : कोणती बस, कोणत्या थांब्यावर, किती वाजता, किती मुली रोज चालतात. प्रत आमदारांना द्या आणि पोचेचा क्रमांक जपा.

प्रश्न : १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये तरुण मुलामुलींनी नेमके काय केले? – एक शिक्षक, बेळगाव

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला टिळकवाडीत भरलेले हे अधिवेशन गांधीजींनी अध्यक्ष म्हणून चालवलेले एकमेव. गंगाधरराव देशपांड्यांनी उभारणी केली आणि डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलाने तरुण स्वयंसेवक तयार केले. पाण्यासाठी तेव्हा खोदलेली विहीर टिळकवाडीत अजून आहे. मुलांना ती दाखवा. अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी तिथे स्वागतगीत गायले. पंगती उठल्यावर आपल्याला पत्रावळी उचलायला सांगतील, ही जातीची भीती त्या वेळी त्यांच्या मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. वर्गात अधिवेशन शिकवताना ठरावांबरोबर हेही सांगा.

प्रश्न : पाहुणे नेते येणार आहेत. सत्कार कुठे घालू? – निपाणी

सुरुवातीला नको. पाहुणे उशिरा आले की गाणी उशिरा, आणि कार्यक्रम उघड्यावर असेल तर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. पहिली तीन पदे होऊ द्या, मग बारा मिनिटे सत्कार : शाल, नारळ, आणि एकाच पाहुण्याचे भाषण. ही वेळ निमंत्रणपत्रिकेतच छापा आणि पाहुण्यांच्या स्वीय सहायकांना आदल्या दिवशी फोनवरही सांगा. शाळेचा हेडमास्तर असेल तर त्याला वाचनालयाला लागणाऱ्या पुस्तकांची यादी दोन मिनिटांत वाचू द्या. ती ऐकून मागच्या रांगेतला एखादा माणूस मध्यंतरात येऊन पैसे देऊन जातो, तेव्हा पावतीपुस्तक दाराशीच असू द्या.