उंची ५ फूट २ इंच, गाडी हिमालयन: सस्पेन्शनला हात लावू नका

तुम्ही विचारलंय की उंची ५ फूट १ इंच आहे, रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० बुक केलीय, शोरूममध्ये बसून बघितलं तर दोन्ही पाय नीट टेकले नाहीत, तर गाडी लोअर करून घ्यावी का आणि खर्च किती येईल. खाली दोघांनी लिहिलंय, "उंचीप्रमाणे गाडी घ्या, ॲक्टिव्हा बघा." ते वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

हेच वाक्य मी २०१९ साली आमच्या घरात, पंगतीत, सगळ्यांसमोर ऐकलंय. माझी उंची ५ फूट २, वजन ५८ किलो. आमचे दाजी सहा फुटाला जरा कमी. मी सेकंडहँड हिमालयन बघून आलो होतो, २०१७ चं मॉडेल, जुनी ४११ सीसीवाली. दाजी जेवताजेवता म्हणाले, "गाडी माणसाच्या मापाची असावी. ही तुझ्या मापाची नाही." वडील काहीच बोलले नाहीत. जावयाच्या शब्दाला आमच्याकडे किती वजन असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गाडी मला मिरवायला नको होती. मी दूध संकलनाच्या कामात आहे, पाटण तालुक्यातली केंद्रं माझ्याकडे असतात. मोरणा खोरं, कोयनेच्या कडेची गावं, वर सडावाघापूरच्या पठाराकडचा चढ. पावसाळ्यानंतर या रस्त्यांची जी अवस्था होते त्यात साध्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात बसलं की मनगटापर्यंत हादरा येतो. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, खालची मोकळीक २२० मिलिमीटर. मला ती कामासाठी हवी होती. मी घेतली.

अडचण खरी होती, ते नाकारत नाही. सीटची उंची ८०० मिलिमीटर, वजनही भरपूर. दोन्ही बाजूंना फक्त चवडा, तोही अर्धवट. पहिल्या आठवड्यात दाजी स्वतः येऊन म्हणाले, "घेतलीच आहेस तर निदान खाली तरी घे." त्यांच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडे आम्ही दोघं गेलो. हिमालयनला मागे एकच शॉकअप आहे आणि तो लिंकेजवर, म्हणजे मागच्या चाकाला जोडणाऱ्या पट्ट्यांवर, बसतो. त्यातल्या दोन पट्ट्या काढून जरा लांब पट्ट्या टाकल्या की गाडीचं ढुंगण खाली बसतं. तासाभराचं काम. मी बसलो, दोन्ही पाय जवळजवळ पूर्ण टेकले. त्या क्षणी मलाही वाटलं की दाजींचं बरोबर होतं.

चूक अशी झाली की फक्त मागची बाजू खाली घेतली, पुढची होती तशीच ठेवली. त्यामुळे पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, जास्त तिरपा झाला. कुंभार्ली घाट उतरताना गाडी वळणात बाहेर बाहेर जायला लागली, हँडल ढकलून आत आणावी लागायची. हेडलाइट वर गेला, समोरून येणारा प्रत्येक एसटीवाला मला डिपर मारायचा. मागे कुणी बसलं आणि खड्डा आला की टायर आतल्या मडगार्डला घासल्याचा आवाज. आणि ज्या मोकळीकेसाठी ही गाडी घेतली तीच गेली, गावागावातल्या घरगुती स्पीडब्रेकरवर खालची प्लेट खरडायची.

पण खरं नुकसान साइड स्टँडने केलं. हे कुणी सांगत नाही, म्हणून नीट वाचा. गाडी खाली आली, स्टँड मात्र होता तेवढाच लांब राहिला. म्हणजे स्टँडवर लावल्यावर गाडी डावीकडे जेवढी कलायला हवी तेवढी कलत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते. उजवीकडे जरा उतार असला की तिला पडायला निमित्त पुरतं.

मोरणा खोऱ्यातल्या एका केंद्रावर फेब्रुवारीतल्या सकाळी सहाला मी गाडी लावली आणि फॅट टेस्टिंगच्या मशिनकडे वळलो. मागे बायका किटल्या घेऊन ओळीत बसलेल्या. गाडी उजवीकडे गेली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण एका आजींची साडेचार लिटरची किटली हँडलखाली आली, चेपली, आणि दूध पायरीवरून खाली गेलं. एका म्हशीचं सकाळचं सगळं दूध होतं ते. आजी दुधाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लेकरा, तुला लागलं न्हाई न्हवं?" मी दुधाचे पैसे दिले, दुसऱ्या दिवशी नवी किटली नेऊन दिली. ती पायरी मात्र आजही डोळ्यासमोरून जात नाही. लोकांच्या दुधाचा हिशेब माझ्या हातात असतो, आणि माझ्याच गाडीने त्यांचं दूध सांडलं.

संध्याकाळी फोनवर दाजी म्हणाले, "सांगितलं होतं, तुझ्या मापाची गाडी नाही." गाडी माझ्या उंचीमुळे पडली नव्हती. ती त्यांनी सुचवलेल्या कामामुळे पडली होती. हे मी तेव्हा बोललो नाही, आणि त्याची रुखरुख आहे.

पुढच्या रविवारी मी मूळ पट्ट्या परत टाकून घेतल्या आणि गाडी कराडमधल्या एका कुशनवाल्याकडे नेली. आयुष्यभर जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवलेला माणूस. मी म्हटलं, दीड-दोन इंच खाली करा. त्याने आधी मला गाडीवर बसवलं आणि पायांकडे न बघता मांड्यांकडे बघितलं. म्हणाला, "उंची सीटवरनं मोजत न्हाईत सायेब, मांडीतनं मोजत्यात." मग समजावलं. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर पाय आधी बाहेर फाकतात आणि मग खाली जातात. त्या फाकण्यात इंच-दीड इंच पाय वाया जातो. सीट तेवढीच उंच ठेवून नुसते पुढचे खांदे उतरवले तरी पाय सरळ खाली जातो.

त्याने रेक्झिन उचकटलं, पिन एकेक करून उपटल्या, उघडा फोम परत गाडीवर ठेवून मला बसवलं. पाय खाली सोडायला लावले आणि खडूने दोन्ही बाजूंना मांडी जिथे अडते तिथे रेघ मारली. उतरवलं, करवतीच्या सुट्या पात्याने त्या रेघेपासून फोम तिरका उतरवला, ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून सपाट केला. पुन्हा बसवलं, पुन्हा खडू. असं तीन वेळा. मधल्या भागातून त्याने फक्त एक इंच काढला. मी आणखी काढा म्हणालो तर सरळ नाही म्हणाला. "खालचा पॅन टोचंल. पन्नास किलोमीटरवर तुम्हीच शिव्या द्याल." वर अर्धा इंच कडक फोमचा थर दिला, त्यावर प्लास्टिकचा कागद, म्हणजे शिवणीतून पाणी आत झिरपत नाही, आणि मग रेक्झिन. सगळे मिळून बाराशे रुपये. बसलो तर दोन्ही चवडे पूर्ण टेकले. सस्पेन्शन, स्टँड, हेडलाइट, सगळं जागच्या जागी.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर आहे, पण ती पुढे चांगली रुंद आणि फुगीर आहे, म्हणजे खांदे उतरवायला भरपूर वाव आहे. तिला मागे दोन शॉकअप असतात, त्यामुळे लिंकच्या पट्ट्या नसतात. तिथे तुम्हाला आखूड शॉकअप टाकायला सांगतील. टाकू नका. त्याआधी फुकटातलं एक काम करा: तुमचं वजन कमी असेल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, सगळ्यात मऊ खाचेवर आणा. तुम्ही बसल्यावर गाडी जरा जास्त खाली बसते. गिअर आणि ब्रेकच्या पेडलची उंचीही तुमच्या पायाप्रमाणे लावून घ्या, लहान पायाच्या माणसाला त्याचा फरक फार पडतो.

आणि दोन्ही पाय टेकायलाच हवेत हा हट्ट सोडा. हा शोरूममध्ये जन्मलेला समज आहे, कारण तिथे गाडी उभी असते आणि माणूस फक्त बसून बघतो. रस्त्यावर थांबताना एकच पाय लागतो, डावा. उजवा ब्रेकवर असतो. थांबण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात कंबर जरा डावीकडे सरकवायची, सीटवरून अर्धं उतरायचं, डावा पाय अख्खा टेकतो. मला हे जमायला पंधरा दिवस लागले. रोज संध्याकाळी मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत शंभर-शंभर वेळा थांबायचो.

त्यात एक बारकावा. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपण डावीकडून जातो, म्हणजे डाव्या कडेला थांबलात तर तुमचा डावा पाय जिथे टेकायचाय तीच जमीन सगळ्यात खोल. आखूड पायाची बहुतेक माणसं इथेच पडतात, आणि शून्य वेगात पडतात. सिग्नलला लेनच्या मधोमध थांबा, कडेला नको. थांबताना हँडल सरळ हवं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलात की गाडी त्या बाजूला जातेच, आणि मग दोनशे किलो पायाने अडवता येत नाहीत, सहा फुटी माणसालाही येत नाहीत. उतारावर पुढचं चाक खाली करून कधी पार्क करू नका, मागे ढकलताना पायाला जमीनच मिळणार नाही. उलटी लावा.

मोटरसायकल रेसर दानी पेद्रोसाची उंची १५८ सेंटिमीटर, माझ्याइतकीच. मोटोजीपीच्या वरच्या वर्गात त्याने ३१ शर्यती जिंकल्या, लहान वर्ग धरून एकूण ५४, आणि तीन वेळा विश्वविजेता झाला, १२५ आणि २५० सीसीमध्ये. रेसच्या गाडीला कुणी त्याच्या उंचीवरून नाही म्हणालं नाही. हे मी भाऊबीजेला दाजींना सांगितलं. ते म्हणाले, रेस वेगळी, संसार वेगळा. त्यांच्या लेखी मी आजही मापाबाहेरची गाडी चालवतो. मूळ सस्पेन्शनवर त्यानंतर माझे ६२ हजार किलोमीटर झालेत, सगळे याच रस्त्यांवर, आणि गाडी एकदाही पडलेली नाही. दाजींनी आजवर एकदाही ती सीट हात लावून बघितलेली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, माझ्या बहिणीचं घर त्यांनी सोन्यासारखं ठेवलंय. पण उंच माणसाने आखूड माणसाला गाडीबद्दल सल्ला देण्याआधी एकदा विचारावं, तुझा पाय नेमका कुठे अडतो. एवढंच माझं म्हणणं आहे.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. तुमचे गुडघे दुखत असतील, किंवा मागे कायम कुणी बसणार असेल आणि रोज पुण्यासारख्या गर्दीतून जायचं असेल, तर हट्ट करू नका. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटर आहे, हंटर ७९० आणि वजनाला क्लासिकपेक्षा १४ किलो हलकी. त्यांत कमीपणा काही नाही. उंची पाच फुटाच्याही खाली असेल तर नुसत्या सीटने भागत नाही, हेही खरं. तेव्हा सस्पेन्शन खाली घ्यावंच लागलं तर पुढून आणि मागून सारखंच घ्या, पुढे फोर्कच्या नळ्या टी-मधून, म्हणजे हँडलखाली त्या धरणाऱ्या पकडीतून, वर सरकवून, आणि त्याच दिवशी साइड स्टँड तेवढाच कापून वेल्ड करून घ्या. उद्यावर टाकू नका. चेनचा ताण आणि हेडलाइटही परत लावून घ्या.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठामपणे सांगितलं. फोम उतरवण्यावरून मला आजवर कुणी अडवलेलं नाही, सस्पेन्शनचं मात्र विम्याच्या क्लेमच्या वेळी निघू शकतं. तुमची गाडी नवी आहे, त्यामुळे मूळ सीट कापू नका. जुन्या बाजारातून दुसरी सीट घ्या आणि ती कापा, म्हणजे गाडी विकताना मूळ सीट परत बसवता येते.

आणि कुशनवाल्याकडे जाताना रोज जे बूट घालून चालवता तेच घालून जा. मी चपलेवर गेलो होतो, त्याने मला घरी परत पाठवलं होतं.